एसटीची पायरी आणि बाबांचे पाय

प्रश्न : मॅडम नमस्कार. माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत, साखर कारखान्यात फिटर होते. आई-बाबा कराडजवळ गावाकडं असतात, मी चिंचवडला. दिवाळीनंतर बाबांना डेंग्यू झाला, ९ दिवस अ‍ॅडमिट होते. रिपोर्ट सगळे नॉर्मल आले, आता परत रोज सकाळी पाऊण तास चालतात. पण मागच्या महिन्यात स्टँडवर एसटीत चढताना पाय वर जाईना, मागच्या पोरानं ढकलून चढवलं. तेव्हापासून एसटीचं नावच काढत नाहीत. पुढच्या श्रावणात ७५ पूर्ण होतायत, फुकट एसटीनं सगळे पाव्हणे फिरायचे असं दोन वर्षं म्हणत होते. खुर्चीतून उठताना पण आता हात टेकतात. भावानं ५ किलोचे डंबेल आणि प्रोटीन पावडरचा डबा आणून दिलाय. आई (६८) म्हणते या वयात काय पैलवान व्हायचंय का, पडले म्हणजे मलाच बघायचंय. गुडघे थोडे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे, वजन ५८ किलो. डॉक्टर म्हणाले चालत राहा. नक्की काय करावं?
— एक लेक, चिंचवड

उत्तर :

ताई, एवढ्या मोठ्या पत्रात खरी गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात, ‘पाय वर जाईना’. दम लागला असं नाही लिहिलं, चक्कर आली असंही नाही. म्हणजे प्रश्न पायातल्या ताकदीचा दिसतोय. आधी एकच खात्री करून घ्या, की हे दोन्ही पायांत सारखं आहे ना. एकाच पायात जास्त असेल, मुंग्या-बधिरपणा असेल, किंवा एकाएकी एका दिवसात सुरू झालं असेल तर माझं पुढचं काही वाचू नका, थेट डॉक्टर गाठा. तसं काही नसेल तर बसा निवांत, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे आणि उत्तर लांबणार आहे.

बाबा रोज पाऊण तास चालतात तरी पायरी का चढेना, हे कोडं तुमच्या घरात सगळ्यांना पडलंय. मला ते पडत नाही कारण मी फिजिओ (फिजिओथेरपिस्ट) आहे, गेल्या वीसेक वर्षांत असे शेकडो ‘रोज चालणारे’ माझ्याकडं आलेत. एसटीची पहिली पायरी डोळ्यासमोर आणा. घरातल्या जिन्यापेक्षा ती किती उंच असते. एक हात दांडीला, एक पाय वर टाकला, गुडघा पार वाकलेला, आणि आता मागचा पाय जमिनीवरून सुटला की ५८ किलो वजन त्या एका वाकलेल्या गुडघ्यावर. मांडीचा पुढचा स्नायू आणि ढुंगणाचा मोठा स्नायू, या दोघांनी मिळून ते वजन वर न्यायचं आणि तेही झटक्यात, कारण मागं पिशव्या घेऊन दहा माणसं रेटतायत आणि आतून ‘चला पुढं चला’ सुरू आहे. याच्या तुलनेत सपाट डांबरी रस्त्यावर चालताना गुडघा वाकतोच किती? पाऊण तास काय दोन तास चालले तरी पायाला हा जोर लावायची वेळच येत नाही. चालण्यानं हृदय, बीपी, शुगर, झोप, मूड सगळ्याला फायदा होतो, ते बंद करायचं नाहीच. डॉक्टर बरोबरच बोलले, फक्त अर्धंच बोलले.

आणि यात वयाचा एक डाव आहे. स्नायूत दोन जातीचे धागे असतात असं समजा, एक हळू पण दिवसभर चालणारे आणि दुसरे झटका देणारे, चटकन जोर लावणारे. वय वाढतं तसे हे झटकेवाले आधी बारीक होतात. म्हणून म्हातारं माणूस पाच किलोमीटर चालून येतं आणि घरी येऊन पलंगावरून उठताना ‘अगं आई गं’ करतं. तोल गेल्यावर पटकन पाय पुढं टाकून सावरायचं काम पण याच धाग्यांचं, त्यामुळं पडण्याचा संबंधही इथंच येतो.

त्यात तुमच्याकडं डेंग्यूचे ते ९ दिवस. सगळे म्हणतात प्लेटलेट वाढल्या, रिपोर्ट नॉर्मल, झालं. पायांचा रिपोर्ट कुणी काढत नाही. अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, २००७ मध्ये छापून आला, त्यात सरासरी ६७ वर्षांच्या ठणठणीत माणसांना १० दिवस नुसतं पलंगावर झोपवून ठेवलं होतं. आजार नाही, ताप नाही, खाणंपिणं व्यवस्थित. तरी १० दिवसांत पायांवरचं जवळपास एक किलो मांस उतरलं. ही निरोगी माणसं होती, आणि बाबांना वरून ताप, तोंडाला चव नाही, पेजेवर दिवस काढलेले. तरणा माणूस असं गेलेलं महिनाभरात भरून काढतो, सत्तरीपुढं ते आपोआप येत नाही, मागून आणावं लागतं. माझ्या सासूबाईंच्या वेळी मी स्वतः ही चूक केलीय, फिजिओ असून. न्यूमोनियातून घरी आल्यावर आम्ही त्यांना तीन आठवडे पाण्याचा तांब्यासुद्धा हातात दिला, किती काळजी घेतो बघा म्हणून. नंतर त्यांना न्हाणीतल्या स्टुलावरून उठता येईना तेव्हा माझी ट्यूब पेटली.

आता या रविवारी गावी जाल तेव्हा पहिलं काम, मोजायचं. व्यायाम नंतर. सरळ पाठीची, हात नसलेली टणक खुर्ची घ्या, भिंतीला टेकवून ठेवा (प्लास्टिकची खुर्ची फरशीवर मागं सरकते आणि माणूस बदकन खाली, म्हणून भिंत पाहिजेच). बाबांना मध्यावर बसवा, पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले, दोन्ही हात छातीवर फुली मारून. मोबाइलवर ३० सेकंद लावा आणि पूर्ण उभं राहून परत बसणं किती वेळा होतं ते मोजा. तुम्ही बाजूला उभ्या राहा, हात पुढं करून. सीडीसी या अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या तक्त्यात ७० ते ७४ वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी म्हणजे सरासरीच्या खाली, ७५ ते ७९ ला ११ पेक्षा कमी. हात टेकावाच लागला तर नियमाप्रमाणं आकडा शून्य. शून्य आला तर बाबांसमोर तोंड पाडू नका प्लीज. तो तक्ता तिकडच्या लोकांचा आहे, आपल्याला बाबांची तुलना बाबांशीच करायचीय. कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात आकडा लिहा, महालक्ष्मी असो कालनिर्णय असो, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी. फिटर माणूस आहे, रीडिंग घेतल्याशिवाय दुरुस्ती नाही हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त पटेल.

दुसरं रीडिंग, त्याच खुर्चीतून उठायचं, ३ मीटरवर चपलेनं खूण करा, तिथपर्यंत नेहमीच्या चालीनं जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा त्यापेक्षा जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलाय असं धरतात. वळताना लक्ष द्या, एका गिरकीत वळतात का चार-पाच बारकी पावलं टाकत वळतात. बारकी पावलं म्हणजे तोलावर भरवसा उरलेला नाही.

‘या वयात काय होणार’ याचं उत्तर आईंसाठी. १९९० मध्ये बोस्टनमधल्या एका वृद्धांच्या संस्थेत मारिया फियाटारोन नावाच्या डॉक्टरीणबाईंनी नव्वदीच्या आसपासची दहा माणसं घेतली, आणि त्यांच्याकडून आठ आठवडे पायांचा वजन उचलायचा व्यायाम करून घेतला, तोही लुटुपुटीचा नाही, चांगला जड. पायाची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. म्हणजे दुप्पट नाही, जवळजवळ पावणेतीनपट. लोकांना वाटलं दहाच माणसं, काय खरं आहे. मग त्याच बाईंनी १९९४ मध्ये १०० माणसं घेतली, सरासरी वय ८७, नर्सिंग होममधली, अशक्त झालेली. १० आठवड्यांत ताकद दुपटीच्या वर गेली, चालायचा वेग आणि जिना चढायचा जोर पण वाढला. बाबा त्यांच्यापुढं पोरगेच आहेत.

याच १९९४ च्या प्रयोगात भावाच्या डब्याचं उत्तर पण आहे. काही लोकांना व्यायाम दिला, काहींना नुसतं पोषक पेय, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. नुसत्या पेयवाल्यांची ताकद वाढली नाही. डबा कितीही भारी आणला तरी काम न लावलेल्या स्नायूला त्याचं काही सोयरसुतक नसतं. डब्यावर मी खाली परत येते.

आता व्यायाम. तुम्ही मोबाइलवर बघता त्या व्हिडिओत पंचवीस प्रकार असतात, मी बाबांना चारच देणार आहे. पंचवीस दिले की माणूस तीन दिवस करतं आणि सोडतं.

पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे खुर्चीची बैठक. कराडकडचा माणूस आहे, लहानपणी तालमीत गेले असतील नसतील पण बैठक म्हणजे काय हे सांगावं लागणार नाही, ही तीच, फक्त खाली खुर्ची. सुरुवातीला खुर्चीवर एक घट्ट उशी किंवा घडी केलेली सतरंजी ठेवा म्हणजे सीट उंच होते आणि उठणं सोपं जातं. पाय खांद्याइतके लांब, टाचा गुडघ्याच्या जरा मागं. टाचा पुढं राहिल्या तर कुणालाच उठता येत नाही, करून बघा स्वतः. मग नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढं झुकायचं आणि उठायचं. इथंच बहुतेक सगळे चुकतात, पडायच्या भीतीनं मागं रेलून उठायला बघतात आणि मग धप्पकन परत बसतात. उठताना झटक्यात, ‘हां’ म्हणत श्वास सोडून. बसताना एक... दोन... तीन मोजत सावकाश, सीटला अंडं ठेवलंय असं समजून. हे सावकाश खाली येणं म्हणजे जिना उतरायची तयारी, आणि झटक्यात उठणं म्हणजे एसटीची. श्वास रोखून कुंथायचं नाही, बीपी असलेल्या माणसानं तर अजिबात नाही, श्वास रोखून जोर लावला की बीपी एकदम वर जातं. त्यापेक्षा मोठ्यानं आकडे मोजायला लावा, मोजताना श्वास रोखता येत नाही.

आठ-दहा वेळा, मग दोन मिनिटं बसून गप्पा, परत आठ-दहा, परत गप्पा, परत आठ-दहा. किती जड वाटलं पाहिजे? शून्य म्हणजे आरामखुर्ची आणि दहा म्हणजे आता एकही होणार नाही, यात पहिले दोन आठवडे पाचपर्यंत, नंतर सहा-सात. शेवटच्या दोन उठाबशांना तोंड वाकडं झालं पाहिजे पण पद्धत बिघडता कामा नये. हे वाक्य भावाला पण वाचून दाखवा आणि आईला पण, कारण भाऊ पहिल्या दिवशी दहावर नेणार आणि आई जन्मभर दोनवर ठेवणार. सगळ्यात जास्त माणसं याच दोनवर अडकतात. वर्षभर रोज तेच पंधरा हलके हातवारे, घाम नाही काही नाही, आणि मग म्हणतात व्यायामानं मला फरक पडत नाही.

दहा-दहाचे तीन फेरे सहज जायला लागले की उशी काढा. मग तेही सहज गेलं की पाठीवर सॅक, त्यात पाण्याची एक लिटरची बाटली, म्हणजे एक किलो. मग दोन. नातवाची जुनी शाळेची सॅक असेलच घरात. हे वाढवत नेणं हाच सगळा खेळ आहे, स्नायूला कालच्यापेक्षा थोडं जड मिळालं तरच तो वाढतो, नाहीतर त्याला काय गरज.

दुसरा प्रकार पायरीचा. थेट एसटीचा सराव. तुमच्या घराला ओसरीची पायरी असेल किंवा जिन्याची सगळ्यात खालची, जिथं शेजारी भिंत किंवा कठडा आहे ती निवडा. उजवा पाय वर, पूर्ण पाऊल टेकवून, टाच बाहेर लोंबकळता कामा नये, मग त्याच पायाच्या जोरावर वर. मागच्या पायानं ढकलायचं नाही, ही चोरी सगळे करतात, मागच्या पायाची बोटं वर उचलून धरायला सांगा म्हणजे ढकलताच येत नाही. मग तोच मागचा पाय सावकाश खाली. एका पायाचे आठ झाले की दुसरा. पायरी कमी उंचीची वाटायला लागली की जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर पाय टाकून, कठडा धरून. पाटावर पाट किंवा विटांवर पाट असले उद्योग नकोत, एका आजोबांचं मनगट त्यात मोडलेलं मी बघितलंय.

तिसरा प्रकार स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ. ओटा धरून टाचा उचलायच्या, चवड्यावर उभं राहायचं, सावकाश खाली, दहा-बारा वेळा. त्याला लागूनच तोलाचं काम, एका पायाच्या पुढं दुसरा पाय, टाच-बोट चिकटवून, दहा सेकंद उभं राहायचं. आधी दोन हात ओट्यावर, मग एक हात, मग एक बोट, मग बोट हवेत पण ओट्याच्या वरच. मग एका पायावर. तोलाचा व्यायाम करताना थोडं डगमगायलाच पाहिजे, अजिबात डगमगत नसतील तर तो व्यायाम नाही, नुसतं उभं राहणं आहे. आणि डगमगताना धरायला काहीतरी हाताशी पाहिजे, म्हणून ओटा. हे रोज केलं तरी चालतं, आईंचा चहा उकळेपर्यंत होऊन जातं.

चौथं, भावाचे डंबेल. फुकट जाणार नाहीत. एका हातात एक डंबेल धरून अंगणात सरळ वीस पावलं जायचं आणि यायचं, मग दुसऱ्या हातात. अंग एका बाजूला झुकू द्यायचं नाही. पिशवी घेऊन स्टँडवर चालायचा हाच सराव, हाताची पकड, कंबर, तोल सगळं एकत्र. ५ किलो जड गेलं तर कापडी पिशवीत दोन किलो तांदूळ घालून सुरुवात करा. आणि दांडी धरून अंग ओढायला हातात जोर लागतो, त्यासाठी भिंतीवर हात टेकवून भिंतीचे जोर आणि खिडकीच्या गजाला टॉवेल अडकवून दोन्ही टोकं ओढणं, एवढं पुरे. गज पक्का आहे का ते फिटरसाहेबांनाच बघू द्या.

ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, सोमवार-बुधवार-शुक्रवार असे, मधे एक दिवस सुट्टी. स्नायू सुट्टीच्या दिवशी बांधला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना पण अशाच आहेत, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमवणारी हालचाल, ती बाबांची चालण्यातून होतेच, आणि ६५ च्या पुढच्यांना त्याशिवाय ताकद आणि तोलाचे व्यायाम तीन दिवस तरी. हा दुसरा अर्धा भाग आपल्याकडं कुणी सांगत नाही, सगळ्या बागेत सगळे आजोबा गोल गोल चालतायत नुसते.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच बाबा म्हणतील की बरं वाटतंय, उठायला सोपं जातंय. तेव्हा मांड्या जाड झालेल्या नसतात. मोटर तीच असते, वायरिंगमधून करंट नीट पोचायला लागलेला असतो, मेंदू स्नायूला हाक मारायला परत शिकतो. खरं मांस भरायला दोन-तीन महिने लागतात. धोका इथंच असतो, बरं वाटलं की माणूस सोडतं. कॅलेंडरवर दर पंधरा दिवसांनी ३० सेकंदांचा आकडा लिहीत राहा, ६ चे ९, ९ चे ११ झाले की बाबा स्वतःच चुलत्यांना फोन करून सांगतील, पुरुषांचं असंच असतं.

गुडघ्यांचं म्हणाल तर, झिजलेल्या गुडघ्याला मांडीची ताकद वाढवणं हाच मुख्य उपचार आहे, विश्रांती नाही. थोडं दुखलं तर चालतं, नियम असा ठेवा की व्यायाम करताना दुखणं दहापैकी तीन-चारच्या वर जाऊ नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीइतकं खाली यावं. सूज आली किंवा रात्री ठणकलं तर पुढच्या वेळी उशी परत ठेवा, पायरीचे आकडे निम्मे करा, पण बंद करू नका. मांड्या दुसऱ्या दिवशी भरून आल्यासारख्या दुखतील, ते दुखणं वेगळं, शेतात पहिल्या दिवशी खुरपायला गेल्यावर दुखतं ना तसलं, दोन-तीन दिवसांत जातं.

बीपीच्या गोळीमुळं काहींना उठल्या-उठल्या डोळ्यासमोर अंधारी येते. म्हणून पहाटे पलंगावरून उतरल्या-उतरल्या व्यायाम नको, चहा-नाष्टा होऊन तासाभरानं करा. अंधारी येतच असेल तर डॉक्टरांना उभं करून बीपी मोजायला सांगा, नेहमी बसवूनच मोजतात. छातीत दडपण, जबड्याकडं किंवा हातात कळ, कधी नव्हे असा दम, छातीत धडधड, यातलं काही झालं तर तिथंच थांबायचं आणि दाखवायचं, ‘गॅस असेल’ म्हणून ओवा खात बसायचं नाही. आणि सुरू करायच्या आधी एकदा त्यांच्या डॉक्टरांना सांगा की वजनाचा व्यायाम सुरू करतोय. जमलं तर जवळच्या एखाद्या फिजिओकडं दोन वेळा जाऊन पद्धत बघून घ्या, रोज जायची गरज नाही.

आता डबा. ५८ किलोच्या म्हाताऱ्या माणसाला दिवसाला साधारण ५८ ते ७० ग्रॅम प्रोटीन मिळावं असं आता तज्ज्ञ म्हणतात, किलोला १ ते १.२ ग्रॅम. बाबांचं रात्रीचं जेवण काय असतं सांगू? भाकरी चुरून दूध, नाहीतर भात-आमटी, आमटी म्हणजे पाण्यात डाळीचा वास. तिथं भर घाला. दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम, शेंगदाण्याची एक चांगली मूठ सात-आठ, पाव लिटर दूध आठ, घट्ट पिठलं, मटकीची उसळ, रविवारचं मटण-मासे खात असतील तर उत्तमच. दात नसतील तर शेंगदाण्याचा कूट, मऊ शिजवलेली उसळ, घट्ट दही. तीन वेळा वाटून खायचं, एकाच जेवणात कोंबायचं नाही. एवढं करून कमीच पडत असेल तर डब्यातला एक चमचा दुधात घाला, विष नाहीये ते. फक्त किडनीचा काही त्रास असेल तर प्रोटीन वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारा, डबा असो की डाळ.

आईंची भीती राहिलीच. पडतील ही भीती खोटी नाही, मी ती हसण्यावारी नेत नाही, त्या वयात खुबा मोडला की घरादाराचं काय होतं ते मी रोज बघते. पण खुर्चीत बसवून ठेवल्यानं पडणं थांबत नाही, लांबतं फक्त, आणि नंतर जोरात होतं. जगभरातले शंभरावर प्रयोग एकत्र करून २०१९ मध्ये हिशेब मांडला गेला, त्यात व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांचं पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी निघालं, आणि यात उपयोगी पडले ते मुख्यतः तोलाचे आणि उठ-बस, पायरी असले रोजच्या कामाचे व्यायाम, जोडीला ताकदीचे. न्यूझीलंडमध्ये ओटागो नावाचा व्यायामाचा कार्यक्रम आहे, तो ऐंशीच्या पुढच्या बायकांवरच आधी करून बघितला होता, त्यांच्या स्वतःच्या घरात, घोट्याला वजनाच्या पट्ट्या बांधून. ऐंशीच्या बायका, घरात. आईंना हे दोनदा सांगा. बाकी न्हाणीत रबरी मॅट, रात्री संडासच्या वाटेवर बारका दिवा आणि ती घसरणारी हवाई चप्पल बाहेर, हे याच रविवारी उरकून टाका.

जादू होईल असं मी म्हणत नाही. अमेरिकेत सत्तर ते एकोणनव्वद वयाच्या १६३५ माणसांवर सरासरी अडीच वर्षांहून जास्त काळ एक मोठा अभ्यास झाला, चालणं आणि जोडीला ताकद-तोल असा कार्यक्रम, शेवटी ४०० मीटर चालता येणं बंद किती जणांचं झालं ते बघितलं. व्यायामवाल्यांत ३०.१ टक्के आणि नुसती आरोग्याची माहिती ऐकणाऱ्यांत ३५.५. शंभरात पाच-साडेपाच माणसं. कमी वाटतं ना? त्या पाचांत आपले बाबा असले की कमी वाटत नाही.

एसटीचं असं करा. तीन महिने घरचं झालं आणि जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर कठड्याला नुसता हात लावून चढता यायला लागलं की एखाद्या दुपारी, गर्दी नसताना, तुम्ही किंवा भाऊ बरोबर जाऊन उभ्या गाडीत चढा-उतरा. पहिला प्रवास कराड ते उंब्रज एवढाच. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, पिशवी दुसऱ्याकडं, दोन्ही हात दांडीला. त्या दिवशी मागून ढकलून चढवलं ते त्यांच्या मनाला लागलंय, पायाला नव्हे, म्हणून ‘बघू जमतंय का’ असं सगळ्यांसमोर म्हणू नका. आणि ७५ ची वाट कशाला बघायची, ६५ पासून अर्धं तिकीट आहेच की.

एक राहिलं. आईंचं वय ६८ लिहिलंय आणि पुढं त्यांच्याबद्दल एक अक्षर नाही, फक्त त्या ओरडतात एवढंच. रविवारी बाबांचं मोजून झालं की त्याच खुर्चीत आईंना बसवा, ३० सेकंद लावा. ६५ ते ६९ च्या बाईला ११ पेक्षा कमी म्हणजे सरासरीच्या खाली. ‘मला कामं आहेत’ म्हणतील, म्हणू द्या. दोघांचे आकडे कॅलेंडरवर शेजारी शेजारी लिहा आणि मला कळवा कुणाचा जास्त आला ते.